बिनकुलपाची पत्रिका

१४ जुलै, सोमवार

आज विज्ञानाच्या तासाला दुर्गेश्वरी मॅडमनी आठवीतल्या तिघांना उभं केलं. मी, नीतू आणि उमेंद्र. मला वाटलं गृहपाठाचं काही निघालं. पण मॅडम म्हणाल्या, या तिघांना एका शास्त्रज्ञाचा पेपर तपासायचा आहे.

सगळा वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी सांगितलं की शास्त्रज्ञ काही नवं शोधतात तेव्हा ते लिहून एका पत्रिकेकडे पाठवतात. तिला शोधपत्रिका म्हणतात. नागपूरहून मुलांसाठी अशी एक शोधपत्रिका निघते, तिचं नाव ‘मोकळं रान’. शास्त्रज्ञांनी आपलं काम सोप्या मराठीत लिहायचं आणि छापायच्या आधी ते मुलांनी तपासायचं. मुलांना पटलं नाही तर ते परत जातं.

वर्गात पहिला नंबर आमच्यापैकी कोणाचाच नाही, म्हणून मी विचारलं की आम्हीच का. मॅडम म्हणाल्या, न समजलेलं न समजलं असं तुम्ही तिघं लाज न धरता सांगता. हे कौतुक आहे की टोमणा, ते मला घरी येईपर्यंत ठरवता येत नव्हतं. आता ठरलं आहे. कौतुकच आहे.

बाबांना सांगितलं की मला पत्रिकेचं काम मिळालं. ते म्हणाले, कोनाच्या लग्नाची? आई धानाच्या रोवणीवरून येऊन न्हाणीत पाय धूत होती. तिनं आतूनच मला सगळं पुन्हा सांगायला लावलं. पाण्याच्या आवाजात ऐकू आलं नसेल.

१६ जुलै

आज संपादकांशी बोललो. त्यांचं नाव जागेश्वर सर. नेटवर्क फक्त व्हरांड्याच्या कोपऱ्यात येतं, म्हणून मॅडमनी मोबाइल पाण्याच्या माठावर टेकवून ठेवला होता आणि आम्ही तिघं त्याच्यासमोर पोत्यावर बसलो होतो. सर मध्येच थांबायचे, तोंड उघडंच राहायचं, मग एकदम पुढचं वाक्य यायचं. तरी मला जे कळलं ते लिहून ठेवते, नाहीतर विसरेन.

त्यांनी विचारलं, तुमच्या शाळेत कुलूप लावलेलं कपाट आहे का. आहे. मोठ्या सरांच्या, म्हणजे मुख्याध्यापकांच्या, खोलीत काचेचं कपाट आहे, आतली पुस्तकं बाहेरून दिसतात आणि किल्ली मोठ्या सरांकडे असते. जागेश्वर सर म्हणाले, जगातल्या पुष्कळ शोधपत्रिका तशाच आहेत. इंटरनेटवर लेखाचं नाव दिसतं, सुरुवातीच्या चार ओळी दिसतात आणि पुढचं वाचायचं तर पैसे भरा. मोठी विद्यापीठं भरतात. गावातला माणूस कुठून भरणार? म्हणून काही लोकांनी ठरवलं की कुलूपच नको. त्याला मुक्त प्रवेश म्हणतात. ज्याला वाचायचं आहे त्यानं उघडावं आणि वाचावं. ‘मोकळं रान’मधला लेख उतरवून घेतला तरी चालतो, झेरॉक्स काढून वाटला तरी चालतो, हिंदीत किंवा गोंडीत केला तरी चालतो. फक्त ज्यानं लिहिला त्याचं नाव पुसायचं नाही.

उमेंद्रनं विचारलं, “मंग सर, तुमी खाता काय?”

मॅडमनी त्याला चिमटा काढला, पण सर खूप हसले. म्हणाले, खर्च येतोच. चित्रं काढणारे, भाषा सुधारणारे, संगणक, सगळ्यांना पैसे लागतात. वाचणाऱ्याकडून घ्यायचे नाहीत म्हटल्यावर ते दुसरीकडून आणावे लागतात. कुठं शास्त्रज्ञाची संस्था देते, कुठं सरकार. आमचे एक ट्रस्ट देतो.

नीतू तोपर्यंत एक शब्द बोलली नव्हती. ती म्हणाली, “मंग जो पैसे देते त्याचं काहीबी छापत असान.”

सरांचं डोकं पडद्यावरून खाली गेलं. मला वाटलं नेटवर्क गेलं. पण ते नीतूचा प्रश्न लिहून घेत होते. म्हणाले, हा प्रश्न मोठी माणसंही विचारायला घाबरतात. असे लबाड लोक आहेत, पैसे घेतात आणि न तपासता छापतात. म्हणूनच तपासणारे लागतात. तपासणाऱ्याला पैसे मिळत नाहीत. आमच्याकडे लेख कोणाचा आहे ते त्याला कळत नाही, आणि कोण तपासतंय ते लेखकाला कळत नाही. कुलूप काढलं म्हणजे राखण काढली असं नाही.

एक नियम आहे. छापून येईपर्यंत लेखात काय आहे ते कोणालाही सांगायचं नाही. त्यात चूक असेल तर ती चूक आमच्या तोंडून गावभर जायची. आम्ही तिघांनी कबूल केलं. मी सगळ्यात मोठ्यानं केलं.

१९ जुलै

लेख आला. मॅडमनी अर्जुनीला जाऊन तीन प्रती काढून आणल्या. लेखकाच्या नावाच्या जागी पांढरी पट्टी आहे. मी ती उजेडासमोर धरून पाहिली, खाली काहीच नाही.

काय आहे ते इथं लिहायला हरकत नसावी, ही वही माझ्याशिवाय कोणी उघडत नाही. लेख धानावर आहे. धान पाण्यात उभा असतो, तरी त्याची मुळं कुजत का नाहीत? तूर पाण्यात राहिली की मरते. लेखात उत्तर आहे की धानाच्या मुळात पोकळ्या असतात. पानांतून हवा त्या पोकळ्यांतून खाली उतरते आणि चिखलातल्या मुळाला मिळते. शास्त्रज्ञ सरांनी एक धान पाण्यात वाढवला आणि एक कोरड्या मातीत. पाण्यातल्याच्या मुळात पोकळी जवळजवळ दुप्पट निघाली.

मी जन्मापासून धान पाहून राहिले. आई रोवते, बाबा कापतात, आम्ही खातो. मुळाच्या आत काय आहे असा विचार मी कधी केला नव्हता. जेवताना मी भाताकडेच पाहत बसले.

आईनं विचारलं, कायचा आहे तो पेपर. मी म्हटलं, सांगता येत नाही. ती म्हणाली, कवा सांगता येईल? मी म्हटलं, छापून आल्यावर, तेव्हा तर सगळ्यांनाच फुकट वाचता येईल. ती आणखी काही विचारणार होती, पण तिनं नुसतं ताट उचललं.

२२ जुलै

नीतू म्हणाली, लेखात केलं ते आपणही करून पाहू. मॅडमना हे इतकं आवडलं की त्यांनी स्वतःच्या घरच्या दोन बादल्या आणल्या. एका बादलीला खाली भोकं पाडली, म्हणजे पाणी निघून जाईल. दुसरीत पाणी साचून राहणार. दोन्हींत एकाच बांधीतली, म्हणजे धानाच्या एकाच खाचरातली, माती.

रोपं मी आणणार होते. आई रोवणीच्या बाकीच्या बायांबरोबर चिखलात वाकली होती. मी धुऱ्यावर, बांधीच्या काठावर, उभी राहून मूठभर पऱ्हे मागितले, मुळं न तुटलेले.

“कायले पायजे?”

“सांगता नाही येत.”

“माया बांधीतले पऱ्हे, नं मलेच सांगता नाही येत.”

बाया हसल्या. तिनं तरी निवडून चांगली दिली, सगळी एका उंचीची, आणि मुळं धुऊन दिली. मुळं धुताना ती त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहत होती. घाई असताना मोठी माणसं अशी का रेंगाळतात कोण जाणे.

५ ऑगस्ट, मंगळवार

आजचा दिवस मी कधी विसरणार नाही.

मुळं कापायचं काम उमेंद्रचं, कारण त्याचा हात थरथरत नाही. बटाट्याच्या तुकड्यात चीर पाडून त्यात मूळ धरायचं आणि दोन्हींचा मिळून ब्लेडनं पातळ काप काढायचा. पहिले कितीतरी काप जाड झाले. मग एक असा निघाला की पाण्यात टाकल्यावर दिसेनाच. मॅडमनी तो काचेवर घेतला, सूक्ष्मदर्शकाचा आरसा खिडकीकडे फिरवला आणि स्वतः न पाहता मला म्हणाल्या, आधी तू पाहा.

आधी नुसता पांढरा उजेड. मग मी ते चाक थोडं फिरवलं आणि एकदम ते समोर आलं. गोल चक्र. मध्ये एक ठिपका, कडेला भिंत आणि त्यांच्यामध्ये मोठमोठी रिकामी घरं, पातळ पातळ भिंतींनी वेगळी केलेली. बैलगाडीच्या चाकासारखं. शेतात पाय ठेवू तिथं हे आहे. लाखो, करोडो, चिखलाच्या आत, आणि प्रत्येकातून हवा खाली उतरते आहे. मी इतका वेळ डोळा लावून ठेवला की नीतूनं मला ढकललं.

आणि पुढचं तर आणखी भारी. हे मूळ कोरड्या बादलीतलं होतं. नंतर पाण्याच्या बादलीतलं पाहिलं, तर त्यात पोकळी जवळजवळ नाहीच. सगळं गच्च भरलेलं. पुन्हा काप काढला. तसंच. म्हणजे लेखात लिहिलंय त्याच्या बरोबर उलट.

शास्त्रज्ञ चुकले आहेत. आणि ते आम्ही पकडलं आहे. आठवीच्या वर्गानं, बटाटा आणि ब्लेड घेऊन. मला घरी पळत यावंसं वाटत होतं आणि आले तर कोणालाही सांगता येत नव्हतं. मी विहिरीपर्यंत जाऊन परत आले. गोंदियाच्या पेपरात फोटो आला तर मी कोणता ड्रेस घालणार ते ठरवून ठेवलं आहे.

६ ऑगस्ट

मी रात्रीच लिहून ठेवलं होतं: “हा लेख चुकीचा आहे. छापू नये.” सकाळी मॅडमना दाखवलं. तेवढ्यात मोठे सर आले. त्यांनी वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, पोरं हो, ज्यांनी आपल्याला विचारलं त्यांनाच असं लिहिता का. पहिल्यांदा आपल्या शाळेचं नाव कुठं गेलं आहे. दोन चांगले शब्द लिहा, लेख आवडला म्हणा, पुन्हा बोलावतील. ते रागानं बोलत नव्हते. विनवत होते म्हणा ना. मला वाईट वाटलं, पण मी म्हटलं, चूक आहे तर चूकच लिहिणार.

मॅडम कोणाचीच बाजू घेईनात. त्या एवढंच म्हणाल्या, “आधी काय दिसलं ते लिहा. काय वाटलं ते नंतर.”

म्हणून आम्ही काय दिसलं ते लिहायला बसलो. नीतूनं उमेंद्रला विचारलं, तू मूळ कुठं कापलं होतं? तो म्हणाला, मुळावर. नीतू म्हणाली, मुळावर कुठं? वर, रोपाजवळ, की खाली टोकाला? त्याला आठवेना. हाताला आलं तिथं कापलं, म्हणाला.

मग नवीन मूळ घेतलं, पाण्याच्या बादलीतलंच, आणि त्याच्यावर वरपासून टोकापर्यंत ठिकठिकाणी काप घेतले. टोकाला गच्च. मधे थोडी थोडी घरं. वर रोपाजवळ मोठमोठी, कालच्यापेक्षाही मोठी. एकाच मुळात. कोरड्या बादलीतल्या मुळाचंही तसंच, टोकाला काही नाही, वर पोकळी. म्हणजे काल आम्ही एकाचं टोक आणि दुसऱ्याचा वरचा भाग लावून पाहिला होता. दोन्हींचा वरचा भाग शेजारी शेजारी ठेवला तेव्हा पाण्यातल्याचीच पोकळी जास्त निघाली.

शास्त्रज्ञ चुकले नव्हते. आम्ही चुकलो होतो.

मी बाहेर जाऊन नळावर तोंड धुतलं. पेपरातला फोटो गेला. त्याचं वाईट वाटलं ते खरं आहे, म्हणून लिहिते. त्याहून वाईट हे वाटलं की मोठे सर ऐकत होते.

परत आले तर नीतू लेखाची पानं उलटीपालटी करत होती. ती म्हणाली, आपण चुकलो, पण आपल्याला कोनी सांगतलं होतं का कुठं कापाचं? आम्ही तिघांनी लेख ओळीओळीनं वाचला. मग मॅडमनी वाचला. बादली किती मोठी ते आहे. माती कोणती ते आहे. बियाणं कोणतं ते आहे. मूळ टोकापासून किती अंतरावर कापलं, ते कुठंच नाही.

मग शास्त्रज्ञांनी तरी दोन्ही मुळं एकाच जागी कापली होती, हे कशावरून?

मॅडम खुर्चीवर बसल्या. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला, आणि म्हणाल्या की शाळेत शिकवायला लागल्यापासूनचा हा त्यांचा सगळ्यात चांगला बुधवार आहे.

८ ऑगस्ट

आज अभिप्राय पाठवला. लिहायला दोन दिवस लागले, कारण मला प्रत्येक वाक्य भारी करायचं असायचं आणि नीतू ते साधं करायची. शेवटी मुख्य मुद्दा असा झाला:

“तुमच्यासारखाच प्रयोग आम्ही करून पाहिला. पहिल्यांदा आम्हाला तुमच्या उलट दिसलं, कारण आम्ही मुळं वेगवेगळ्या जागी कापली. मूळ कुठं कापायचं ते तुमच्या लेखात नाही. तुम्ही कुठं कापलं? सगळी मुळं एकाच जागी कापली का? ते लिहिल्याशिवाय आम्हाला तुमचं ‘दुप्पट’ पटत नाही.”

खाली लहान मुद्दे. ‘पेशी’ शब्द काढा, उमेंद्रला जड वाटतो. चित्रात मूळ आडवं काढलंय ते उभं काढा. तुरीचं उदाहरण फार आवडलं, ते ठेवा.

मोठ्या सरांनी ते दोनदा वाचलं. त्यांना ‘पटत नाही’ खटकत होतं. ‘समजत नाही’ लिहा म्हणाले. मॅडमनी आमच्याकडे पाहिलं. मी म्हटलं, सर, समजलं तर आहे, पटलं नाही. त्यांनी कागद तिसऱ्यांदा वाचला. मग म्हणाले, “असू द्या तसंच.” आणि स्वतःच्या मोबाइलचं नेट दिलं, कारण मॅडमचं संपलं होतं.

१५ ऑगस्ट

झेंडावंदन झालं. उत्तर नाही. मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, लोकांना कामं असतात.

२३ ऑगस्ट, शनिवार

तान्हा पोळा. गल्लीतली पोरं लाकडी बैल सजवून दारोदार फिरली. मी या वर्षी फिरले नाही, मोठी झाले म्हणून नाही, मनच नव्हतं. शास्त्रज्ञ सर रागावले असणार. मोठ्या मिशांचा, जाड चष्म्याचा माणूस मला डोळ्यांसमोर दिसतो, आमचा कागद वाचून टेबलावर आपटतोय. ‘पटत नाही’ मीच लावून धरलं होतं.

दुपारी आईला डबा द्यायला गेले. सगळे निंदण करत होते आणि ती एकटी धुऱ्यावर बसली होती. हातात धानाचं एक उपटलेलं रोप होतं आणि ती नखानं त्याचं मूळ उभं चिरून पाहत होती. मी विचारलं, कीड लागली का? ती म्हणाली, नाही, असंच. आणि मूळ चिखलात टाकून डबा घेतला. कीड लागली असेल, मला काळजी नको म्हणून सांगितलं नसेल. बाबांना विचारलं पाहिजे.

३ सप्टेंबर, बुधवार

उत्तर आलं. उत्तर आलं. उत्तर आलं.

मॅडमनी तास अर्धा सोडला आणि आम्हाला व्हरांड्यात घेऊन गेल्या. लेखकाला आमच्या प्रत्येक मुद्द्याचं उत्तर द्यावं लागतं, असा पत्रिकेचा नियम आहे. टाळता येत नाही. पहिल्याच मुद्द्याखाली लिहिलं होतं (हे मी शब्दशः उतरवून आणलं):

“तुमचा प्रश्न वाचल्यावर आम्ही प्रयोगशाळेतल्या जुन्या काचा पुन्हा काढल्या. काही मुळं टोकापासून जवळ कापली गेली होती आणि काही लांब. हे आमच्या लक्षात यायला हवं होतं. आम्ही सगळी मुळं नव्यानं, एकाच अंतरावर कापली. पाण्यातल्या मुळात पोकळी जास्तच आहे, पण दुप्पट नाही. साधारण दीडपट आहे. लेखातला आकडा, आकृती आणि कृती तिन्ही बदलली आहेत. तुमचे आभार.”

उमेंद्र व्हरांड्यातून खाली उडी मारून मैदानाला एक फेरी मारून आला. नीतू नुसती बसून राहिली, कान लाल झालेले. मी मात्र ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचत होते. ‘लक्षात यायला हवं होतं.’ एवढा मोठा माणूस, आणि आम्हाला कधी पाहिलंही नाही, त्याला हे लिहायची काही गरज होती का? मिशांचा माणूस आता मला तसा दिसत नाही.

‘पेशी’ शब्द काढायला मात्र त्यांनी नकार दिला आहे. लिहिलंय की याला दुसरा शब्द नाही आणि मुलांना तो पुढं लागणारच, म्हणून काढण्याऐवजी बाजूला चित्र दिलं आहे. मला आधी राग आला. मॅडम म्हणाल्या, तपासणाऱ्याचं सगळं ऐकायचं असं नाही, न ऐकण्याचं कारण मात्र द्यावं लागतं. चित्र चांगलं आहे. उमेंद्रला समजलं.

१० सप्टेंबर

नवीन लेख वाचला. कृतीत आता स्पष्ट आहे की मूळ टोकापासून किती लांब कापायचं. आम्ही तसंच करून पाहिलं आणि तसंच दिसलं. मग तिघांनी ठरवून लिहिलं: “आता पटलं. छापावा.”

पाठवायचं बटण कोणी दाबायचं यावरून भांडण नको म्हणून तिघांची बोटं एकावर एक ठेवली. सगळ्यात खाली माझं होतं. 

३ नोव्हेंबर, सोमवार

छापून आलं.

मॅडमचा निरोप सकाळी आला. घरी बाबांच्या फोनवर उघडला. पैसे मागितले नाहीत, नाव मागितलं नाही, काही नाही. बोट लावलं आणि सगळा लेख समोर. मला माहीत होतं तसंच असणार, तरी मी कुठं कुलूप येतं का ते पाहत शेवटपर्यंत गेले.

आधी तपासणाऱ्यांची नावं पाहिली. छापून झाल्यावर ती उघड करतात, घरच्यांनी परवानगी दिली असेल तर. आमची तिघांची आहेत, शाळेचं आणि गावाचं नावही. मग वर लेखकाचं नाव पाहिलं. डॉ. रुख्मा. बाजूला फोटो. चुडीदार घातलेल्या एक बाई, गमबूट, गुडघाभर चिखलात उभ्या आणि हसून राहिल्या. मिशा नाहीत, चष्मासुद्धा नाही. मी पूर्ण वेळ ‘सर, सर’ लिहिलं आहे या वहीत. खोडत नाही, राहू दे.

शाळेत परिपाठाला मोठ्या सरांनी तो लेख स्वतः वाचून दाखवला. ‘दीडपट’ आलं तेव्हा थांबून आमच्याकडे पाहिलं. नंतर त्यांनी प्रती काढून पाचवीपासूनच्या सगळ्या वर्गांत लावल्या. कोणाला विचारावं लागलं नाही.

संध्याकाळी घरी आले तर आई चुलीजवळ बाबांचा फोन घेऊन बसली होती. बोटानं ओळ धरून, ओठ हलवत वाचत होती. वरण उतू गेलेलं तिला दिसलं नाही. मी म्हटलं, मी वाचून दाखवू का? ती म्हणाली, “तू थांब. मी तिसऱ्या पानावर आली आहे.”

आई सातवीपर्यंत शिकली आहे. तिला ‘पेशी’ अडेल असं मला वाटलं. तिनं चित्र पाहिलं आणि पुढं गेली.

६ नोव्हेंबर

लेखाच्या खाली वाचणाऱ्यांच्या प्रश्नांसाठी जागा आहे. आईनं ती माझ्या आधी पाहिली. कालपासून तिच्या मनात काहीतरी होतं, आज जेवताना बोलली.

“धान कापल्यावर ठुठाले पुन्हा फुटवे येतेत. पन पान्याच्या खाली कापलं तं नाही येत. हवा वरून येते म्हन्ते ह्या बाई. मंग वरचा रस्ता पान्यात बुडला म्हनून ठूठ मरते काय?”

मला माहीत नव्हतं. मॅडमना फोन केला, त्यांनाही माहीत नव्हतं. आई म्हणाली, मंग त्यायलेच इचार. मी तिचा प्रश्न पुस्तकातल्या भाषेत करायला लागले, ठुठाला ‘कापल्यावर उरलेला खुंट’ लिहिलं, तर तिनं बाजूला बसून लिहिलेलं सगळं वाचलं आणि ‘उदाहरणार्थ’ काढायला लावलं. खाली नाव काय घालू विचारलं. मला वाटलं माझं घाल म्हणेल.

“शामकला लिही. कामही लिही, धान रोवते.”

९ नोव्हेंबर

डॉ. रुख्मांचं उत्तर लेखाखाली आलं आहे. लिहिलंय, शामकलाताई, तुमचा अंदाज बरोबर असू शकतो, पण आम्ही हे तपासलेलं नाही. तुमच्याकडे पाणी साचणारी बांधी असेल तर काही ठुठं पाण्याच्या वर आणि काही खाली कापून पाहता येतील. कापणी इतर सगळ्या बाबतींत सारखी ठेवा.

आईनं ते वाचलं, फोन बाबांना दिला आणि विळ्याला धार लावायला गेली.

१६ नोव्हेंबर, रविवार

तलावाखालच्या बांधीची कापणी. तिथलं पाणी कापणीलाही आटत नाही. आईनं एका कोपऱ्यात काठ्या रोवल्या. काठ्यांच्या अलीकडची ठुठं पाण्याच्या वर वीतभर ठेवली, पलीकडची पाण्याखाली कापली. बाबा म्हणाले, गुरायच्या चाऱ्याचा येवढा तनस कायले वाया घालवतेस. ती म्हणाली, वाया नाही चालला. तिकडे गुरं सोडाची नाही, एवढंही सांगितलं. बाबा माझ्याकडे पाहून हसले, पण गुरं दुसऱ्या धुऱ्यानं नेली.

३० नोव्हेंबर, रविवार

सकाळी आईबरोबर बांधीवर गेले. नीतू आणि उमेंद्रही आले होते, सायकलवर डबलसीट.

वर कापलेल्या ठुठांना हिरवे फुटवे आले आहेत, बोटाएवढे. पाण्याखालची काळी पडून मऊ झाली आहेत, दाबलं की पिचतात. आईनं जे म्हटलं तेच. मी ओरडणार होते, तेवढ्यात उमेंद्र म्हणाला, हे एक पाहा.

पाण्याखालच्या ठुठांमध्ये एकाला फुटवा होता. फक्त एकाला. आम्ही चौघं वाकून पाहत राहिलो. मग नीतूनं बोट दाखवलं. त्या ठुठाची एक काडी विळ्यातून सुटली होती. न कापलेली, पाण्याच्या वर उभी, वाऱ्यानं हलत होती.

 मला सूक्ष्मदर्शकातलं ते गोल चक्र डोळ्यांसमोर दिसत होतं, आणि हवा त्या एका काडीतून खाली उतरताना दिसत होती. 

मी म्हटलं, मिळालं उत्तर, आजच लिहून टाकू. आईनं मान हलवली. म्हणाली, एका ठुठावरून काय ठरते. शेजारच्या बांधीतही पाणी आहे आणि ती उद्या कापायची आहे. तिथं ओळीनं ठुठं पाण्याखाली कापायची, एकाआड एक ठुठाला एकच काडी उभी ठेवायची. नीतूनं लगेच विचारलं, काडी सगळ्यांची सारख्याच उंचीची ठेवायची ना? आई म्हणाली, हो, नाहीतर मंग ह्या बाईले पटनार नाही.

परत येताना ती धुऱ्यावरून पुढं चालत होती. मागं न पाहता तिनं विचारलं, “आपलं बी लिहून पाठवलं, तं कोनी तपासंन काय?”

मी म्हटलं, तपासतील. आपल्यासारखीच कुठली तरी मुलं तपासतील. आणि चुकलं असेल तर तोंडावर सांगतील.

“सांगू दे,” आई म्हणाली.